जानाईच्या साड्यांची बोली

“भंडारा उचलून सांगतो,” भाऊसाहेब देसाई म्हणाले, आणि खरोखरच त्यांनी देवीपुढच्या ताटातला चिमूटभर भंडारा उचलून कपाळाला लावला. “यंदा साड्यांचं जे काय येईल, ते सगळं ह्या पोरींच्या कॉलेजला. झालं समाधान, बायक्का?”

देवळात बसलेले पंच हसले. एकाला तर हसता हसता ठसका लागला. बायक्का मगदूम मात्र हसली नाही. तिनं पदर खोचला, “समद्यांनी ऐकलंय न्हवं?” एवढंच विचारलं आणि पायऱ्या उतरून गेली.

मी खांबाआड समई पुसत होते. माझं तोंड तापलं होतं, कारण ‘ह्या पोरी’ म्हणजे आम्ही चौघी. फणसकट्टीच्या शाळेतून त्या वर्षी बारावी पास झालेल्या मुली. तालुक्याचं कॉलेज आमच्या गावापासून चौदा किलोमीटर. फी, पुस्तकं आणि एस्टीचा पास, एवढं जमलं की झालं. पण तेवढंही चौघींपैकी एकीच्याही घरात नव्हतं. म्हणून पिठाच्या गिरणीवाली बायक्का देवस्थानच्या पंचांकडं आली होती आणि अध्यक्ष भाऊसाहेबांनी तिला ही साड्यांची भीक घातली होती.

भीक का, ते सांगते. जानाईला वर्षभर बायका साड्या नेसवतात. माझे वडील बाळकू गुरव, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, ते देवीचे पुजारी. त्यांनी साडी नेसवायची, उतरवायची, आणि आई न् मी मिळून घडी घालून गाभाऱ्याशेजारच्या कपाटात ठेवायची. पावसाळ्यात कसर लागते म्हणून ज्येष्ठात त्या विकायच्या. विकायच्या म्हणजे काय, तालुक्याहून कापडवाले रामलिंगशेट टेम्पो घेऊन यायचे, गठ्ठ्याकडं बघून नाक मुरडायचे, आणि सात-आठशे रुपये टेकवून शंभरेक साड्या घेऊन जायचे. पुढं त्याच साड्या त्यांच्या दुकानात टांगलेल्या आम्ही बाजाराच्या दिवशी बघायचो. शेट म्हणजे भाऊसाहेबांचे जानी दोस्त. त्या सात-आठशेत एका मुलीचंही वर्ष निघत नव्हतं. म्हणून तो हशा.

मी समई दाणकन खाली ठेवली. आबांनी गाभाऱ्यातून डोळे वटारले. पंचांसमोर आवाज करायचा नाही, ही आमच्या घरची शिकवण. देवीची जमीन आम्ही कसायचो आणि ती आमच्याकडं राहायची की नाही ते पंचांच्या हातात होतं. आबा भाऊसाहेबांसमोर कधी बसल्याचं मला आठवत नाही.

घरी जाताना ते म्हणाले, “वैजू, पैशाचं जमलं तर शीक, माझी ना न्हाई. पण न्हाई जमलं तर पाहुण्यांम्होरं तोंड वाकडं करायचं न्हाई.”

फॉर्म भरायचा शेवटचा दिवस पुढच्या आठवड्यातला शनिवार आणि लगेच रविवारी मला बघायला हुक्केरीचे पाहुणे. मुलाचं किराणा दुकान होतं. मी त्याला पाहिलंही नव्हतं आणि मला त्याचा भयंकर राग येत होता.

दुसऱ्या दिवशी दळण घेऊन गिरणीत गेले. गिरणी म्हणजे बायकांची कचेरीच. पट्ट्याच्या धडधडाटात जन्म गेल्यामुळं बायक्काला हळू बोलणं जमायचंच नाही. ती गुपित सांगायला लागली की पाणंदीपर्यंत ऐकू जायचं.

“वैजे, कपाटात साड्या किती हायत गं?” ती ओरडली.

“हळू की, मावशी! एकशे बारा.”

“आणि कुणाची कुठली, ते ठाव हाय तुला?”

“आईला सगळं पाठ आहे. मला बऱ्याचशा.”

“मग ऐक. ह्या खेपेला रामलिंग्याला एक साडी मिळू द्यायची न्हाई. आपण घ्यायच्या. सुट्या. एकेक.”

दळणाला आलेल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एक म्हणाली, “अगं, देवीला दिलेलं परत घरात आणायचं?”

“आपली आपण न्हाई घ्यायची,” बायक्का म्हणाली. “तू माझी घे, मी तुझी घेतो. प्रसाद म्हणून नेसायची. त्यात काय इटाळ?”

“पण आपल्या चार टाळक्यांनी शंभर साड्या कशा सुटायच्या?”

ह्यावर बायक्कानं गिरणी बंद केली. भर दिवसा, दळणाची रांग असताना गिरणी बंद होणं म्हणजे गावात कुणीतरी गेल्याशिवाय व्हायचं नाही. ती म्हणाली, “माहेरवाशिणी.”

तिचं म्हणणं सोपं होतं. फणसकट्टीच्या लेकी आसपासच्या चाळीस गावांत दिल्या होत्या. त्या सगळ्यांना कार्ड टाकायचं. साडी घ्यायला या. माहेरच्या देवीची साडी कुणाला नको असते?

बायक्काच्या खर्चानं पोस्टकार्डांचा गठ्ठा आला. लिहिणार मी आणि सांगणार ती, पिठाच्या पोत्यावर पाय सोडून बसून. “लिही. चि. सौ. पारूस, जानाईचा आशीर्वाद. पुढल्या आठवड्यात शुक्रवारी देवीच्या साड्यांची बोली हाय. तू सातवी झालीस तवा हेडमास्तर तुझ्या बापाच्या पाया पडला हुता, पोरीला शिकवा म्हणून. आठवतंय न्हवं? मग ये. येताना जाऊबाईला बी आण.”

प्रत्येकीचं काहीतरी बायक्काला माहीत होतं. कुणाला गणित यायचं, कुणाचं अक्षर मोत्यासारखं होतं, कुणी शाळा सुटली म्हणून विहिरीवर तीन दिवस रडत बसली होती. पंचवीस वर्षांची सगळी दप्तरं तिनं जणू गिरणीतच ठेवली होती. माझी बोटं पिठानं आणि शाईनं बरबटली.

“शेवटचं कुणाला?” मी विचारलं.

“झालं की सगळ्यांचं. देसायाच्या नंदीला टाकू नगंस हां. बापाच्या कानाला लागली तर समदंच मुसळ केरात.”

मी मान हलवली.

नंदाताई, भाऊसाहेबांची एकुलती एक मुलगी, निपाणीला दिली होती. बारावीला मी तिचीच पुस्तकं वापरली. लग्न झाल्यावर वैनीसाबांनी, म्हणजे तिच्या आईनं, गुपचूप आमच्या घरी पोहोचवलेली. प्रत्येक पुस्तकावर पहिल्या पानावर ठसठशीत नाव, नंदिनी भीमराव देसाई, आणि समासात बारीक पेन्सिलीच्या खुणा. रसायनशास्त्र मला मास्तरांपेक्षा त्या खुणांनी जास्त शिकवलं.

शुक्रवार उजाडला. सकाळी नवाच्या एस्टीनं सात जणी उतरल्या. साडेनवाच्या एस्टीनं वीस. मग टेम्पो, बैलगाडी, एक लूना, तीवर दोघी आणि मधे पोर. अकरापर्यंत देवळाच्या आवारात पाय ठेवायला जागा राहिली नाही. त्या गळ्यात पडत होत्या, हसत होत्या, “अगं म्हातारी झालीस की गं!” म्हणून एकमेकींना चिमटे काढत होत्या. पंच लांब पारावर चहाचे कप धरून उभे होते. त्यांना वाटलं, कुणाचं तरी डोहाळजेवण असावं.

रामलिंगशेट आले. त्यांच्या माणसानं सुतळी काढली. भाऊसाहेबांनी घसा खाकरला. “बाळकू, काढ गठ्ठा. शेटजी, बोला.”

“गठ्ठा न्हाई,” बायक्का उभी राहिली. “सुटी बोली. एकेक साडी. आणि आम्ही लावणार.”

आता तिचा आवाज तुम्हाला माहीत आहे. पारावरच्याच काय, वेशीवरच्या कुत्र्यांनीही माना वर केल्या.

“हे काय नवीन?” भाऊसाहेब म्हणाले. “पद्धत गठ्ठ्याची आहे. आणि बाईमाणसानं बोली लावायची पद्धत नाही ह्या देवळात.”

“बाईमाणसानं साडी नेसवायची पद्धत हाय, ती?”

“बायक्का, जास्त बोलू नकोस. बाळकू, गठ्ठा!”

सगळ्यांच्या माना आबांकडं वळल्या. आबा कपाटासमोर उभे. हातात किल्ली. मला सगळं संपल्यासारखं वाटलं. माझ्या बापाला मी चांगली ओळखत होते. हा माणूस भाऊसाहेबांची चप्पल उलटी पडली तरी सरळ करून ठेवायचा.

आबा खाली बसले. भाऊसाहेबांसमोर, कपाटाला पाठ लावून, मांडी घालून.

“साहेब,” ते म्हणाले, “एकशे बारा साड्या मी ह्या हातानं एकेक नेसवल्यात. देताना बी एकेकच देणार. गठ्ठा बांधायचा असंल तर आधी मला बांधा.”

भाऊसाहेबांच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. त्यांनी पंचांकडं पाहिलं. पंच कपात बघत होते. एक म्हातारे पंच हळूच पुटपुटले, “भंडारा उचललाय तुम्ही, भाऊसाब. त्यात आडवं पडणं बरं न्हवं.” आमच्याकडं भंडाऱ्याची शपथ मोडलेला माणूस देवीच्या पालखीला खांदा देऊ शकत नाही. त्या दिवशी हसताना ते बहुतेक विसरले असावेत.

“करा काय करायचं ते,” भाऊसाहेब खुर्चीत बसले. “बघू तरी, किती दम आहे.”

मग जी बोली झाली, तशी मी पुन्हा पाहिली नाही. साड्या दाखवणार मी. एक वार, दोन वार म्हणणार बायक्का. मांडीवर तिचा पिठाचा मोठा डबा, पैसे त्यात टाकायचे.

“ही जांभळी, बारीक काठाची! कुणाची गं?”

“माझी!” गर्दीतून एक म्हातारी ओरडली. “म्हस आडली हुती तवा नेसवलेली. सुटली बिचारी. रेडकू बी झ्याक हाय.”

“चाळीस!” “पंचेचाळीस!” “पन्नास, आणि म्हशीचा खरवस पायजे!”

“ही निळी?”

“जावयाची दारू सुटावी म्हणून नेसवली हुती, बाई.”

“सुटली का?”

“कुठली! दुसरी बी नेसवलीया. ती बी ह्यातच असंल, बग.”

आवार हसून लोळत होतं. रामलिंगशेटनी दोन-तीन साड्यांवर बोली लावून पाहिली. ते वीस म्हणाले की चार बाजूंनी चार जणी तीस म्हणायच्या, आणि वर, “शेटजी, तुमच्याच दुकानात हीच साडी मी दीडशेला बघितलीया की हो!” तासाभरात शेट छत्री उचलून टेम्पोत जाऊन बसले. त्यांच्या माणसानं सुतळीचा गुंडा तिथंच टाकला, तो पुढं आमच्या घरी वर्षभर पुरला.

साड्या संपल्या तेव्हा ऊन डोक्यावरून कलायला लागलं होतं. डबा गच्च भरला होता. गावातल्या कांबळे मास्तरांनी सगळ्यांसमोर पैसे मोजले, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

“तिघींचं होतंय,” ते म्हणाले. “वर्षाचं. चौथीला कमी पडतंय.”

ज्यांच्या कनवटीला काही उरलं होतं त्या गाठी चाचपायला लागल्या. भाऊसाहेब खुर्चीतून उठले. आता त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता.

“तिघी तर तिघी. काय वाईट आहे? चौथीचं बघू पुढच्या वर्षी. झाली हौस, आता घरी जावा.”

आणि माझा बाप, ज्यानं दोन तासांपूर्वी जन्मात पहिल्यांदा मान वर केली होती, तो म्हणाला, “आमची वैजू ऱ्हाऊ दे. तिला पाहुणं यायचं हायत.”

खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी आबांचा इतका राग आला की रडूच फुटलं. मी आत गेले. आईनं हाक मारली, मी थांबले नाही. कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर पांढऱ्या धडप्यात बांधलेली एक साडी होती. हिरवी, रुंद जरीकाठाची, रेशमी. देसायांची मानाची साडी. ही कधी विकायची नाही. दर दसऱ्याला देवीला हीच नेसवायची आणि पुन्हा वर ठेवायची. घडी घालताना आई मला तिला हातसुद्धा लावू द्यायची नाही.

मी धडपा सोडला आणि साडी दोन्ही हातांनी उंच धरून बाहेर आले.

“एक राहिलीय,” मी म्हणाले.

“वैजे!” आबा ओरडले.

“ठेव ती!” भाऊसाहेब गरजले. “ती बोलीतली नाही. देसायांचा मान आहे तो!”

“भंडारा उचलताना तुम्ही साड्या म्हणालात, भाऊसाहेब. ही साडी नाही तर काय आहे?”

माझा आवाज फाटला होता, पण निघाला. त्यांच्याशी मी पहिल्यांदाच बोलत होते. ते माझ्याकडं असे बघत होते जणू देवळातली समईच बोलायला लागली.

मग ते हसले. “असं? लावा बोली. मीच लावतो. अकरा रुपये.” त्यांनी सगळीकडं नजर फिरवली. “बोला की. देसायांच्या साडीवर देसायांसमोर कोण बोलतंय, बघू.”

देसायांची जमीन कसणाऱ्या, देसायांच्या विहिरीचं पाणी भरणाऱ्या बायका खाली बघत होत्या. बायक्कासुद्धा माझ्याकडं बघत होती, पोरी हे काय करून बसलीस, अशा नजरेनं.

“अकरा रुपये एक वार,” भाऊसाहेबांनी स्वतःच म्हटलं. “दोन वार…”

“एकशे एक.”

चिंचेखाली सकाळपासून एक बाई पदर पुढं ओढून बसली होती. ती उठली, आणि पदर मागं गेला.

“नंदे?” भाऊसाहेब छडी टेकत पुढं झाले. “तू कधी आलीस?”

“नवाच्या एस्टीनं, आप्पा. उभी राहून आले.”

बायक्काच्या हुकुमाविरुद्ध मी निपाणीला कार्ड टाकलं होतं. त्यावर आशीर्वाद नव्हता, आमंत्रण नव्हतं. एकच ओळ होती: ताई, तुमची हिरवी साडी यंदा मी बोलीला काढणार आहे. ती येईल की बापाला कळवेल, हे मला ठाऊक नव्हतं. दहा दिवस मी जेवणात मीठ विसरत होते आणि घडी घातलेल्या साड्यांची पुन्हा घडी घालत होते.

“घरी चल,” भाऊसाहेब म्हणाले. “चारचौघांत शोभा नको.”

“बोली चाललीय, आप्पा.” ती पुढं आली. “वैजू, बाकी सगळ्या साड्या कशाच्या ते विचारलंस. ही कशाची, ते विचार की.”

मला माहीत होतं. आईनं सांगितलं होतं. पण मी विचारलं, “कशाची आहे, ताई?”

“मी बारावीला केंद्रात पहिली आले, त्याची. आप्पांनी वाजतगाजत आणून नेसवली. गावभर पेढे वाटले. तुम्ही पण खाल्लेत सगळ्यांनी. आणि आठव्या दिवशी मला सांगितलं, देसायांची मुलगी एस्टीत लोंबकळत कॉलेजला जाणार नाही. मार्गशीर्षात माझं लग्न झालं.” तिचा आवाज स्थिर होता, डोळे मात्र भरले होते. “सहा वर्षं झाली. दर दसऱ्याला देवी माझा निकाल नेसते. बास झालं. ह्या साडीवर आता कुणीतरी कॉलेजला जाऊ दे.”

भाऊसाहेबांनी छडी जमिनीवर आपटली. “पाचशे!”

“पाचशे एक.”

“हजार!”

ताईनं पर्स उघडली. ती निपाणीत शिवणाचे क्लास घ्यायची. सगळे पैसे ओंजळीत घेतले. “अकराशे. माझ्याजवळ एवढेच आहेत, आप्पा. लपवत नाही.”

“बाराशे,” भाऊसाहेब म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले. जिंकल्यासारखे.

चौथीचं वर्ष तेवढ्यातही निघत होतं, हे मला आता कळतं. तेव्हा कुणाच्याही डोक्यात ते नव्हतं. तेव्हा ती साडी त्या घरात परत जाऊ द्यायची नाही, एवढंच होतं.

“नंदीच्या बोलीत माझं शंभर,” बायक्का म्हणाली. आणि पहिल्यांदाच, माझ्या आठवणीत एकदाच, ती हळू बोलली.

“माझं पन्नास,” म्हशीवाली म्हातारी.

“तेराशे!” भाऊसाहेब.

“माझं वीस हाय. यस्टीचं. चालत जाईन.”

“माझं पन्नास.” “माझं दहा, घे बाई.” “चाळीस.” सकाळी गळ्यात पडून हसणाऱ्या त्या सगळ्या, सातवीतून, आठवीतून, नववीतून उठवून दिलेल्या, एकेक करून नंदाताईच्या मागं येऊन उभ्या राहिल्या. मास्तरांना बेरीज जमेना. देसायांची जमीन कसणाऱ्याही आल्या. भाऊसाहेब प्रत्येक वेळी शंभरानं चढत होते आणि प्रत्येक वेळी आणखी कुणीतरी पदराची गाठ सोडत होतं.

“दोन हजार!” ते उभे राहून ओरडले. “आहे अजून कुणाकडं?”

गाठी संपल्या होत्या. नंदाताईनं मान खाली घातली.

“नंदीच्या बोलीत माझं पाचशे.”

देवळाच्या पायरीवर वैनीसाब उभ्या होत्या. देसायांच्या घरच्या बाईचा आवाज आवारात कधी कुणी ऐकला नव्हता. मीही नाही. पुस्तकं पोहोचवली तेव्हाही त्या नुसत्या पिशवी ठेवून गेल्या होत्या.

“तुझ्याकडं कुठनं आले पाचशे?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“तुम्ही कधी विचारलंत काय, माझ्याकडं काय हाय ते?”

भाऊसाहेबांनी टोपी सारखी केली आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले. कुणी त्यांना अडवलं नाही, कुणी हसलंही नाही. बायक्कानं डब्याचं झाकण आपटलं. “तीन वार!”

नंदाताईनं साडी माझ्या हातातून घेतली, छातीशी धरली, घडी घातली आणि आबांच्या समोर ठेवली. “काका, आता ही माझी. मी सांगेन तसं करायचं. कपाटात ठेवा. दसऱ्याला देवीला नेसवा. आणि पुढच्या ज्येष्ठात पुन्हा बोलीला काढा.”

“पुन्हा?” आबा म्हणाले.

“दरवर्षी.”

शनिवारी आम्ही चौघींनी फॉर्म भरले. ह्या गडबडीत हुक्केरीच्या पाहुण्यांना निरोप द्यायचं सगळेच विसरले. रविवारी ते आले. मी पोहे दिले आणि सांगितलं, “तीन वर्षांनी या.” ते आले नाहीत. आबांची किल्ली पंचांनी काढून घेतली होती, पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी मुकाट्यानं घरी आणून दिली, कारण नऊवारी देवीला नेसवायला दुसऱ्या कुणाला येतच नव्हतं.

तीस वर्षं झाली. मी आता तालुक्याच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवते. आबा नाहीत, बायक्का नाही, गिरणी तिची सून चालवते. हिरवी साडी तीस वेळा विकली गेली आणि एकदाही कपाट सोडून गेली नाही. जरीकाठ काळा पडलाय. तिच्यावर आमच्या गावच्या, आणि आता आसपासच्या वाड्यांच्याही, किती मुली त्या कॉलेजात गेल्या ते मला सांगता येणार नाही. दर जूनला सकाळच्या एस्टीत बसायला जागा मिळत नाही, एवढं माहीत आहे.

भाऊसाहेब पंच्याऐंशीचे आहेत. ज्येष्ठातल्या त्या शुक्रवारी काठी टेकत येतात, खुर्ची मागवतात आणि हिरव्या साडीवर पहिली बोली लावतात. अकरा रुपयांची कधीच नाही. मग आम्ही सगळ्या मिळून ती मोडतो. ते पुन्हा चढवतात, आम्ही पुन्हा मोडतो. लोक म्हणतात, म्हातारा आता मुद्दाम चढवतो. असेल. मी विचारलेलं नाही.

गेल्या वर्षी त्यांनी बोली इतकी वर नेली की मलाही घाम फुटला. “अजून आहे का गं, गुरवाच्या?” त्यांनी विचारलं.

“आहे, भाऊसाहेब,” मी म्हणाले आणि पर्स उघडली.

साडी त्यांना मिळाली नाही. ह्या वर्षीही मिळणार नाही.